भिंत भरली, हात अजून पेन्सिलीतच

पत्र:

ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ४१. ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केलीये, नऊ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता घरूनच मिक्स्ड मीडिया करते, म्हणजे जुन्या साड्यांचे तुकडे, अ‍ॅक्रिलिक, कागद आणि मणी. अडीच वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा एक मोठं काम काढलं, ३ फूट बाय २ फूट, सुपात तांदूळ निवडणारे आईचे हात. सगळं मण्यांनी भरायचं ठरवलं होतं. जेमतेम पाव झालंय. मधे मधे राख्या, महिरपी, गौरीचे दागिने, रुखवत अशा ऑर्डरी येतात, चार पैसे मिळतात, नाही म्हणवत नाही. हॉलच्या कोपऱ्यात बसते, मुलगी दहावीला, सासूबाई दिवसभर घरी. सगळे म्हणतात मणीच तर ओवायचेत, टीव्ही बघता बघता होईल की. मागच्या महिन्यात काम उघडलं तर गुलाबी मणी पांढुरके पडलेत आणि एका जागी तंगूस, म्हणजे नायलॉनची एकतारी दोरी तुटून अख्खी ओळ सुटलीये. रडूच आलं. नणंद म्हणते एखादी खोली भाड्याने घे, नवरा म्हणतो सोड ते, छोटं काहीतरी नवीन कर. मी काय करू? फोटो पाठवतेय.
— मणीवाली, डोंबिवली

उत्तर:

मणीवाली, तू मला ताई म्हटलंस म्हणून मी तुला तूच म्हणते. पत्र दोनदा वाचलं आणि मग फोटो मोठा करून बघितला, बराच वेळ बघितला. वरून डावीकडून तू भिंत भरत आलीयेस, छान भरलीयेस, चुन्याच्या भिंतीला ओल येते तसे पांढरे, करडे, गुलाबी रंग एकमेकांत मिसळलेत. पण हात? हात अजून पेन्सिलीतच आहेत. सूपही पेन्सिलीत. अडीच वर्षं तू आईच्या मागची भिंत भरतेयस आणि आईपर्यंत पोचलीच नाहीयेस.

मला नाही वाटत हे फक्त ऑर्डरींमुळे झालंय. ज्या वर्षी आई गेली त्याच वर्षी काम काढलंस, मग हातांना सुई लावायचा धीर झाला नसेल, भिंत सोपी होती, भिंतीत चुकलं तरी चालतं. हे मी तुला बोल लावायला म्हणत नाहीये गं, माझंही असं झालंय, वडिलांचा चष्मा असलेलं एक काम मी चार वर्षं कपाटात ठेवलं होतं आणि लोकांना सांगायचे की हवा तसा काळा मणी मिळत नाहीये. काळा मणी मिळत नाही असं महाराष्ट्रात कुणी म्हणतं का!

आता आधी हिशोब करूया कारण हिशोब केल्याशिवाय तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरणार नाही. ३ बाय २ फूट म्हणजे ८६४ चौरस इंच. फोटोवरून ११ नंबरचा मणी दिसतोय, साधारण २ मिलिमीटरचा, तो एका चौरस इंचात दोनशेच्या आसपास बसतो, म्हणजे पूर्ण चित्राला पावणेदोन लाखाच्या घरात मणी. माझा हात बसलेला आहे तरी कापडावर दोन दोन तीन तीन मणी घेत, मागे येत टाका घालत गेलं की तासाला एक चौरस इंच होतो, फार तर सव्वा. तू पाव केलंस म्हणजे २१६ इंच, २१६ तास, आणि उरले ६४८. पाव व्हायला अडीच वर्षं लागली तर उरलेल्याला याच वेगाने साडेसात वर्षं. मुलीचं कॉलेज होऊन ती नोकरीला लागेल तोवर तू भिंतच भरत असशील. हा आकडा वाचून घाबरू नकोस, घरच्यांना मात्र नक्की दाखव, टीव्ही बघता बघता होईल म्हणणाऱ्यांना हे तास कधी दिसतच नाहीत.

तर माझं म्हणणं असं की काम सोडू नकोस आणि पूर्ण भरूही नकोस. भिंत जिथे आहे तिथे थांबव. आज, म्हणजे खरंच आज, शेवटच्या ओळीचा दोरा मागे घेऊन गाठ मार. ती कड वाकडीतिकडी आहे ना, तशीच राहू दे, सरळ करायला जाऊ नकोस. पोपडे गेलेल्या भिंतीची कड तशीच असते, त्यापुढे नुसतं कापड दिसलं तरी डोळा भिंत पूर्ण करतो. तू मिक्स्ड मीडिया करणारी बाई आहेस, तुझ्याकडे रंग आहे, साडी आहे, कागद आहे, मग सगळं मण्यानेच बोललं पाहिजे हा हट्ट कशाला? मणी तिथेच हवा जिथे मण्यावाचून भागत नाही. तुझ्या चित्रात ती जागा एकच आहे, सुपातले तांदूळ. आणि असलाच तर बांगड्यांचा काठ.

हात मण्यांनी करूच नकोस. मण्याने त्वचा चकचकीत होते, देवळातल्या मुखवट्यासारखी दिसते, तांदूळ निवडणाऱ्या बाईचे हात तसे नसतात. आईची एखादी धुवून धुवून विरलेली सुती साडी ठेवलेली असेल ना तुझ्याकडे? कापायला जीव होत नसेल तर पदराच्या उलट टोकाची, आत खोचली जाणारी बाजू घे, नेसल्यावर दिसत नाही ती. हातांच्या आकाराचे तुकडे काप, खाली टाच, आणि बोटांच्या पेरांवर, मनगटावर गोधडीला घालतो तो धावदोरा घाल, दोरा किंचित ओढून. कापड आपोआप चुणतं आणि सुरकुती पडते, ती रंगाने काढून तशी येत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉयस स्कॉट म्हणून मोठ्या मणीकाम करणाऱ्या कलाकार आहेत, मण्यांची शिल्पं करतात, २०१६ मध्ये त्यांना मॅकआरthर फेलोशिप मिळाली, त्यांची आई एलिझाबेथ गोधड्या करायची आणि सुई हातात धरायला आईनेच शिकवलं. त्यांचं काम बघ जमलं तर, मणी आणि कापड एकमेकांना कसे सांभाळून घेतात ते कळेल.

तांदळासाठी एक सांगते. बाजारात तांदळाच्या आकाराचे मोती मिळतात, राइस पर्ल म्हणून, तुला पहिल्यांदा तेच सुचेल, पण स्वस्तातले असतात ते प्लॅस्टिकवर मुलामा दिलेले, दोनतीन पावसाळ्यात साल सुटायला लागतं. काचेच्या बारीक नळ्या घे, ३ मिलिमीटरच्या, दुधी पांढऱ्या आणि थोड्या पिवळसर, जुना तांदूळ पिवळसर असतोच. फक्त नळीची तोंडं धारदार असतात, दोरा कापतात, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूला एक एक १५ नंबरचा बारीक मणी घाल. (नंबर मोठा तितका मणी बारीक, हे तुला माहितीये, पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत नसतं.) त्या दोन बारीक मण्यांमुळे तांदळाला टोकंही येतात. सूप गच्च भरू नकोस, एका बाजूला रास आणि दुसऱ्या बाजूला निवडलेले विरळ दाणे, मधे बोट. ८०-९० चौरस इंच होईल सगळं मिळून, बांगड्या धरून १०० तास समज. आठवड्याला चार तास दिलेस तर सहा महिने.

साडेसात वर्षांचे सहा महिने झाले बघ.

आता गुलाबी मणी आणि तंगूस. गुलाबी आणि जांभळ्या मण्यांना बऱ्याचदा वरून रंग दिलेला असतो, काच तशी रंगाची नसते, उन्हाने तो उडतो. पुढच्या वेळी मणी घेतलेस की पाचसहा मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये घाल, आणि पाचसहा मणी खिडकीत ठेव, अर्धे कागदाखाली झाकून, महिनाभर. जे टिकतील तेच चित्रात. ऑर्डरच्या राखीला हे करायची गरज नाही, राखी काय वर्षभर बांधायची नसते. आत चांदीचा मुलामा असलेले मणीही आपल्या दमट हवेत काळवंडतात, तेवढं लक्षात ठेव. तुझ्या भिंतीतले गुलाबी मात्र उसवू नकोस, चुन्याची भिंतही फिकी पडतेच, त्या चित्रात ते शोभतंय. मला फोटोत ते आधी मुद्दाम केल्यासारखं वाटलं होतं.

तंगुसाचं मात्र वाईट वाटलं कारण त्यातून मी गेलेय. बहिणीच्या नव्या घरासाठी मी एक मोठं मण्यांचं पॅनेल केलं होतं, दुकानदार म्हणाला हा तंगूस जन्मभर जात नाही, मी विश्वास ठेवला. चौथ्या पावसाळ्यानंतर बहिणीचा फोन, सकाळी झाडू मारताना सुपलीत मणी येतायत. तंगूस मासे धरायला चांगला, महिरपीला चालतो, पण वर्षानुवर्षं ताणाखाली राहिला की सैल पडतो, ऊन लागलं की ठिसूळ होतो. आपल्याकडे पटवेकरी, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणारे, होते त्यांना हे पक्कं माहीत होतं, लहानपणी आमच्या बोळाच्या तोंडाशी एक आजोबा पायरीवर बसायचे, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताठ करायचे आणि काळी पोत गाठवायचे, बायका दरवर्षी दोन वर्षांनी पोत परत गाठवून घ्यायच्या, दोरा झिजतो हे धरूनच चालायच्या. आपण भिंतीवरचं काम दरवर्षी गाठवून घेऊ शकत नाही म्हणून दोरा चांगला हवा. मणीकामाचा अनेक पदरी नायलॉन दोरा मिळतो तो घे, किंवा मासेमारीचाच पण विणलेला दोरा, एकतारी नव्हे, त्याला मेण लाव आणि दर दहाबारा मण्यांनी मागे गाठ. म्हणजे तुटला तरी दहा मणी जातील, ओळ जाणार नाही.

झालेली भिंत उसवायची नाहीये. १२ नंबरची मण्यांची सुई घे आणि नवा दोरा प्रत्येक ओळीच्या भोकांतून परत फिरव, ११ नंबरच्या मण्यात दुसरा दोरा आरामात जातो. सुटलेली ओळ तेवढी नव्याने घाल. हे दुरुस्तीचं काम त्या १०० तासांच्या वेगळं, आणि हे मात्र खरंच टीव्ही बघत होतं, तेव्हा घरच्यांचा शब्दही राहील.

खोली भाड्याने घेऊ नकोस. भाडं भरायला आणखी राख्या कराव्या लागतील आणि मग राख्या करायलाच त्या खोलीत जाशील. तुझी अडचण जागेची कमी आणि मांडामांडीची जास्त आहे. तू लिहिलंयस “काम उघडलं तर”, म्हणजे ते गुंडाळून ठेवलेलं असतं, कपाटातून काढायचं, अंथरायचं, डबे शोधायचे, अर्धा तास त्यात, मग कुणीतरी बेल वाजवतं. चित्राला लाकडी चौकट मारून घे आणि हॉलच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर अडकव, पाहुणे आले तर वर जुनी ओढणी टाक. भिंतीवरून उतरवलं की मांडीवर तिरकं धरून काम सुरू, मानही वाकत नाही. मण्यांना मसाल्याचा डबा, सात वाट्या, सात रंग, वरून झाकण, आमच्याकडे वीस वर्षं तोच चाललाय. बारीक मणी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत. समोर ताटलीत जुन्या ब्लँकेटचा तुकडा, त्यावर मणी ओत, पळत नाहीत आणि सुईच्या टोकाने उचलता येतात. सांडलेच तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना स्टॉकिंग लावून ओढ, मणी स्टॉकिंगला चिकटतात. आणि दिवा पांढऱ्या उजेडाचा, डाव्या खांद्यावरून. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो काढून ठेवायचा नाही, वीसेक मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघायचं, आपल्याला अजून तीस वर्षं हे करायचंय.

ऑर्डरींचं. पैसे लागतात, मी कोण त्या सोड म्हणणार. पण सगळ्या ऑर्डरी सारख्या नसतात. एक वही घे आणि पुढच्या तीन ऑर्डरींचे तास लिही, सामान किती, तास किती, मिळाले किती. मी हे केलं तेव्हा मोठ्या ताटाभोवतीच्या मोत्याच्या महिरपीला नऊ तास लागत होते आणि मी सामान धरून सहाशे रुपये घेत होते. रुखवताचं तर विचारूच नकोस, मुलीकडचे शेवटच्या आठवड्यात रंग बदलतात. मी रुखवत बंद केलं, महिरपीचा भाव वाढवला, दोन गिऱ्हाइकं गेली आणि बाकीची राहिली. तू गौरी गणपतीचं काम ठेव, ते ठरलेल्या वेळी येतं, ठरलेल्या वेळी संपतं आणि हौसेने मोजून पैसे देतात. ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख ठरव आणि ती सांगून टाक, नंतर कुणी जवळचं आलं तरी “पुढच्या वर्षी नक्की” म्हणायचं. लग्नसराईतले महिने आईचे.

आठवड्याचे चार तास कुठले ते मी इथून कसं सांगू, पण दोन दुपारी दोन दोन तास, सासूबाई झोपतात तेव्हा, असं काहीतरी ठरवून टाक आणि त्या वेळात ऑर्डरीच्या सामानाला हात लावायचा नाही.

“मणीच तर ओवायचेत” याचा राग येत असणार, येऊ दे. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे आहे ना, तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. शहामृग आपल्याकडून गेला, दगडी हत्यारं सोडली तर त्या माणसांचं बाकी फारसं काही राहिलं नाही, पण कुणीतरी बसून कवच घासून गोल केलं आणि भोक पाडलं ते राहिलंय. मला कुणी मणीच तर ओवतेस म्हटलं की मी पाटण्याचे मणी आठवते आणि गप्प बसते, वाद घालत नाही.

पण सासूबाईंबद्दल मला वेगळं सांगायचंय. लिझा लू म्हणून अमेरिकन कलाकार आहे, तिने १९९१ ते १९९६ अशी पाच वर्षं एकटीने एक अख्खं स्वयंपाकघर मण्यांनी मढवलं, खऱ्या आकाराचं, १६८ चौरस फूट, चिमट्याने एक एक मणी चिकटवत, नळातून पडणारं पाणीसुद्धा मण्यांचं. आता ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे. पुढच्या कामात तिला मण्यांचं अंगण करायचं होतं, गवताच्या पात्यापात्यासकट, तेव्हा मात्र ती एकटी बसली नाही, लोकांना बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून गवत ओवलं. तुझ्याकडे दिवसभर घरात एक बाई आहे जिने पन्नास वर्षं तांदूळ निवडलेत. त्यांना सूप दे, वाटीभर तांदूळ दे आणि म्हण, आई, जरा निवडून दाखवा, मला हात काढायचेत. मग बघ नीट. डावा पंजा दाणे पसरतो, उजव्या हाताचं पहिलं बोट आणि अंगठा खडा उचलतात, पण करंगळी वर असते, ती सुपाला टेकत नाही. आणि खडा सापडला की मनगट बाहेर वळतं, बांगड्या खाली घसरतात. तुझ्या पेन्सिलीच्या चित्रात दोन्ही पंजे सपाट आहेत, फोटोवरून काढल्यासारखे. आईचे हात असे नव्हते, तुला आठवेल बघितल्यावर. हवं तर फोनवर व्हिडिओ घे, पण आधी नुसतं बघ. बांगड्या आईच्याच कर, आकार आणि लकब सासूबाईंची घे, आणि नळ्यांचे रंग वेगळे करायचं काम त्यांना द्यायला हरकत नाही, निवडायची सवय असलेल्या डोळ्यांना पिवळसर आणि दुधी लगेच वेगळे दिसतात. मुलीला यात घेऊ नकोस या वर्षी, दहावी होऊ दे.

नवऱ्याचंही पूर्ण चूक नाही. मोठं काम अडकलं की हाताला एक छोटं काम हवं असतं जे आठ दिवसात संपतं. चार इंचाच्या चौकोनावर नुसते तांदूळ करून बघ, नळी कशी बसते, दोरा कापतो का, धावदोऱ्याने कापड किती चुणतं, सगळं तिथेच कळेल आणि मोठ्या चित्राला सुई लावताना हात थरथरणार नाही.

एकच राहिलं. सुपात दाण्यांमध्ये एक खडा हवा, फक्त एक. बोट त्याच्याकडे जात असलेलं. तो खडा शेवटी लाव. काळा घेऊ नकोस, काळा लगेच पोतीची आठवण करून देतो, मातकट किंवा विटकरी बघ, ८ नंबरचा, थोडा जाडा, पुण्याला बोहरी आळीत किंवा मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलीस तर मूठभर मण्यांतून निवडून घेता येईल. कुठला मिळाला ते कळव.